शौल राजाची शेवटची रात्र

आज आपण हिब्रू बायबलमधल्या एका हरलेल्या राजाबद्दल बोलणार आहोत. इस्राएलचा पहिला राजा, शौल. काळ साधारण इ.स.पू. ११वं शतक.

खरं सांगू? पहिल्यांदा शमुवेलाचं पहिलं पुस्तक वाचलं, तेव्हा शौल मला सरळ व्हिलनच वाटला. तरुण दावीदवर जळणारा, त्याच्यावर भाला फेकणारा संशयी माणूस. पण २८वा अध्याय पुन्हा वाचला आणि माझं मत बदललं.

प्रसंग असा आहे. पलिष्ट्यांचं सैन्य शुनेमला तळ ठोकून आहे, शौल समोर गिलबोवा डोंगरावर. शत्रूची फौज बघून त्याचं काळीज थरथरतंय. तो देवाला विचारतो, पण उत्तर येत नाही. स्वप्नातून नाही, संदेष्ट्यांकडून नाही. ज्या शमुवेलाने त्याला राजा केलं, तो तर कधीच वारलाय. मग शौल वेष बदलतो, दोन माणसं सोबत घेतो आणि रात्री एन-दोर गावातल्या एका बाईकडे जातो. ती मेलेल्यांना बोलावते. गंमत बघा, अशा लोकांना देशातून हाकलणारा राजा हाच! आणि नकाशा काढून पाहा: एन-दोर शुनेमच्याही पलीकडे आहे. म्हणजे शत्रूच्या तळाला वळसा घालून जायचं.

तिथे शमुवेल प्रकट होतो आणि स्पष्ट सांगतो: उद्या तू आणि तुझी मुलं माझ्याजवळ असाल. शौल धाडकन जमिनीवर कोसळतो. दिवसभर, रात्रभर पोटात अन्नाचा कण नाही. ती बाईच मग आग्रह करते, वासरू कापते, भाकरी भाजते. शौल आधी नको म्हणतो, मग जेवतो. आणि त्याच रात्री उठून परत निघतो.

माझ्यासाठी सगळी गोष्ट या उठण्यात आहे. तो पळू शकला असता. अंधार होता, वेष बदललेला होता. पण तो आपल्या सैन्याकडे परत गेला. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसीफस याच गोष्टीसाठी शौलची स्तुती करतो: मरण ठरलंय हे माहीत असूनही त्याने आपल्या लोकांना शत्रूच्या हाती सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी लढाईत योनाथानसह तीन मुलं पडली. बाणांनी घायाळ झालेला शौल स्वतःच्याच तलवारीवर पडला. अनेकांना त्याचा निर्धार तिथे दिसतो. मला नाही दिसत. तो शेवटचा क्षण भीतीचा आहे, शत्रू आपली विटंबना करतील ही भीती. निर्धार आदल्या रात्रीचा. भीती गेली नव्हती, तरी माणूस जेवून उठला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

पुस्तक शौलच्या चुका लपवत नाही. पण शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगतं. पलिष्ट्यांनी त्याचं प्रेत बेथ-शानच्या भिंतीवर टांगलं. तेव्हा याबेश-गिलादची माणसं रात्रभर चालत आली, प्रेतं उतरवून घेऊन गेली, अस्थी पुरल्या आणि ७ दिवस उपास केला. का? राजा झाल्यावर शौलने सगळ्यात आधी याच गावाला वाचवलं होतं. अम्मोनी राजा नाहाश तिथल्या प्रत्येकाचा उजवा डोळा काढणार होता.

राज्य गेलं, मुलं गेली. पण याबेशचे लोक विसरले नाहीत. तुम्हाला शौल कसा वाटला, नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!