गुरांची जातनिवड, वऱ्हाडातील

उष्ण व कोरड्या हवामानात टिकणाऱ्या गाय-बैल आणि म्हशींच्या जाती उपयोगानुसार ठरविण्याची अमरावती-अकोला परिसरातील पद्धती.

उगम : कापूस-ज्वारीच्या काळ्या जमिनीत वखर, डवरा व बंडी ओढण्याच्या गरजेतून ही निवड रूढ झाली.

वैशिष्ट्ये : उन्हाळ्यात तापमान ४५° से.पर्यंत चढते. वशिंड, सैल कातडी, गळ्याखालची लोंबती पोळी आणि आखूड, चकचकीत केस या उष्णतासहत्वाच्या खुणा होत. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील गवळाऊ पांढरी, चपळ व ओढकामास उपयुक्त आहे [→ गवळाऊ]. म्हशींत लांब शिंगांची काळी नागपुरी आणि पूर्णाकाठची भुरी पूर्णाथडी आढळते. म्हशीला उन्हात डुंबायला पाणी वा सावली लागते.

महत्त्व : महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी असल्याने गोवंशाची निवड ओढकाम व दुधापुरती राहते, म्हैसवंश या बंदीबाहेर आहे. पूर्णाथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंदणी २०२३ मध्ये जाहीर झाली [→ खारपाणपट्टा, म्हैस].