डेट्रॉइटचे दिवे आणि शहराचा भरवसा

आता आपण अमेरिकेतल्या डेट्रॉइटकडे वळू. विजेच्या दिव्यांत हे शहर एके काळी पुढे होतं. १८८० च्या दशकात तिथे सुमारे ५० मीटर उंच मनोऱ्यांवर आर्क-दिवे लागले. अख्ख्या वस्तीवर जणू चांदणं पडे.

पुढे मोटारउद्योग आला आणि १९५० मध्ये लोकसंख्या साडेअठरा लाखांवर गेली. मग कारखाने हलले, माणसं गेली, त्यांच्याबरोबर करही गेला. खांब मात्र तेवढेच राहिले! देखभालीला पैसा नाही, त्यात तांब्यासाठी ताराच चोरीला जात. जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा सुमारे ४० टक्के दिवे बंद होते.

गंमत बघा, याच काळात मधल्या व्यापारी भागात कंपन्या परतत होत्या, जुन्या इमारती पुन्हा उभ्या राहत होत्या. मग उजेड आधी कुणाला? दिव्यांसाठी नेमलेल्या स्वतंत्र प्राधिकरणाने राहत्या वस्त्या आधी घेतल्या, हमरस्ते आणि व्यापारी भाग नंतर. तारा अॅल्युमिनियमच्या टाकल्या. डिसेंबर २०१६ पर्यंत ६५,००० एलईडी दिवे लागले. जुने ८८,००० होते. म्हणजे काही गल्लीबोळांचे दिवे गेले ते गेलेच.

दिवा काही चोर पकडत नाही. पण महिनोन्‌महिने बंद असलेला दिवा रहिवाशाला रोज सांगतो, ‘इकडे कुणी येणार नाही.’ सुरक्षित वाटणं म्हणजे नुसता उजेड नव्हे. दिवा गेला तर कुणीतरी तो लावायला येईल, हा भरवसा.