परदेशी शिक्षण आणि जामिनाचा प्रश्न

समुद्र ओलांडला की जात बुडते, ह्या धास्तीने एकोणिसाव्या शतकातील सवर्ण समाजाला पछाडले होते. 1883 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला! 1888 साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघाले, तर मुंबईत मोढ वाण्यांच्या जातसभेने त्यांना बहिष्कृत ठरविले. परत आल्यावर नाशिकला नेऊन त्यांची शुद्धी करण्यात आली. परदेशी शिक्षणाच्या तयारीचा जो इतिहास आपल्याला शिकविला जातो तो बहुतांशी ह्या प्रायश्चित्ताचा इतिहास आहे. अस्पृश्याला ही चिंता नव्हती. जो गावकुसाबाहेरच जन्मला त्याला वाळीत कोण टाकणार? त्याच्यापुढचा प्रश्न निराळा होता. पैसे कोण देणार, आणि हा शिकेल, परत येईल, शब्द पाळील अशी हमी त्याच्यासाठी कोण घेणार?

बाबासाहेबांच्या परदेशगमनाची कथा आपण जयंतीच्या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकतो. त्या कथेत बोट मुंबईचा किनारा सोडते आणि लगेच कोलंबिया विद्यापीठ येते. मधले कागद कोणी वाचीत नाही. मला ते कागदच वाचावेसे वाटतात.

2 फेब्रुवारी 1913 रोजी सुभेदार रामजी वारले. घर कर्त्या माणसाविना उघडे पडले. सयाजीराव गायकवाडांकडे भीमरावांचे नाव पूर्वीच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी पोचविले होते; महाविद्यालयीन शिक्षणासाठी बडोद्याची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली होती. आता अमेरिकेसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर झाली. 4 जून 1913 रोजी करारावर सही झाली. ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशा अटी होत्या. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला पोचले. म्हणजे सहीपासून पोचेपर्यंत जेमतेम सात आठवडे, त्यातले बरेचसे समुद्रावर. तारण ठेवायला जमीनजुमला नव्हता. बावीस वर्षांच्या तरुणाने आयुष्याची पुढची दहा वर्षेच तारण ठेवली.

ते तारण वसूल कसे झाले हे सर्वश्रुत आहे. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले, आणि त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. शब्द पाळायला आलेल्या माणसाला व्यवस्थेने शब्द पाळू दिला नाही. त्यांच्या ग्रंथांच्या पेट्या दुसऱ्या बोटीने येत होत्या. महायुद्धाच्या पाणतीरांत ती बोट बुडाली. भरपाई म्हणून 600 रुपये हाती आले. ग्रंथांचे मोल सहाशे रुपये! असो.

पण लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट करून ठेवली होती. ऑक्टोबर 1917 पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली होती. आजचा विद्यार्थी प्रवेश पुढे ढकलून घेतो, तसाच हा प्रकार. खरी तयारी मी ह्या दुसऱ्या खेपेची मानतो. पहिल्या वेळी पाठीशी संस्थान होते, दुसऱ्या वेळी कोणी नव्हते. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात दरमहा 450 रुपयांवर प्राध्यापकी मिळाली. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत संसार, रमाबाईंच्या हाती खर्चापुरते मोजके पैसे, आणि बाकी सारी शिल्लक लंडनसाठी. त्या मोजक्या पैशांत घर चालविणाऱ्या रमाबाई ह्या तयारीच्या निम्म्या भागीदार होत्या, हे आपले चरित्रकार एका वाक्यात उरकतात. मार्च 1920 मध्ये नोकरी सोडली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि कोलंबियातील पारशी मित्र नवल भथेना ह्यांनी 5000 रुपये कर्जाऊ दिले. जुलै 1920 मध्ये, मुदत संपायला वर्षभर उरले असताना, बाबासाहेब पुन्हा बोटीवर चढले. नवल भथेनांनी कोणते तारण मागितले होते? मैत्रीचे.

सगळ्यांना असा मित्र भेटत नाही. माझ्याकडे विद्यार्थी अर्ज भरायला येतात तेव्हा सर्वांत जास्त वेळ निबंधावर किंवा इंग्रजीच्या परीक्षेवर जात नाही, तो तारणावर जातो. शैक्षणिक कर्ज ठरावीक रकमेपलीकडे गेले की बँक मालमत्ता मागते. आमच्या मुलांच्या घरी असलीच तर वतनाची जमीन असते. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली, जमीन पूर्वीच्या वतनदाराला परत मिळाली, पण नवीन शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीवाचून ती हस्तांतरित होत नाही. बँकेतला माणूस सातबाऱ्यावरचा तो शेरा वाचतो आणि कागद हलकेच परत सरकवतो. महारकीचे ओझे गेले, शेरा राहिला.

म्हणून शासनाच्या शिष्यवृत्तीला पर्याय नाही. अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून आहे; महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती 2003 पासून. पण इथेही बडोद्याच्या करारातली ती अट नव्या रूपात भेटते. ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास! 2022 साली केंद्राच्या नव्या नियमावलीत असे घातले गेले की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन हे विषय ह्या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. ह्या विषयांसाठी परदेशी जाण्याची गरज नाही, असे समर्थन झाले.

आता 1915 आणि 1916 साली बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये काय लिहीत होते ते आठवावे. एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर. मे 1916 मध्ये गोल्डनवायझर ह्यांच्या चर्चासत्रात वाचलेला निबंध भारतातील जातींवर. पहिला विषय इतिहासाचा, दुसरा सामाजिक अध्ययनाचा. 2022 च्या नियमाने दोन्ही अर्ज बाद! बडोदे संस्थान राजेशाहीचे होते, तरी त्या राजाच्या पैशाने जातीची उत्पत्ती तपासता आली. दलिताने परदेशी जाऊन यंत्रे शिकावी, व्यवस्थापन शिकावे, ह्याला कोणाची हरकत नाही. जिथे जातीचा दरारा नाही अशा ग्रंथालयात बसून त्याने जातीकडे पाहावे, ह्याची मात्र अडचण होते. ही अडचण नेमकी कोणाची, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी संघटनेने विचारला पाहिजे.

त्याच वर्षी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. दुष्काळी गावांतील पाणवठे आणि जात असा तिचा विषय होता. नियमावली वाचून झाल्यावर आम्ही दोघे बराच वेळ गप्प बसलो. मग तिने शीर्षकातून जात काढली, गावे काढली, देशही काढला; जलव्यवस्थापनाचे सर्वसाधारण सिद्धांत एवढेच ठेवले. 'सर, शीर्षक त्यांचे, प्रबंध माझा,' असे ती म्हणाली. अर्ज मंजूर झाला. जाताना तिच्या सामानात चार गावांच्या पाणवठ्यांचे हाताने काढलेले नकाशे होते, आणि ते तिने पेटीत न टाकता खांद्यावरच्या पिशवीत ठेवले होते.