चपटी अक्षरं आणि खैराटचा लॅपटॉप

आजच्या भागाचं निमित्त एक व्हॉइस मेसेज. फुलसावंगीहून आलाय. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर तिनं स्वतः लिनक्स टाकलं, पण स्क्रीन १०२४ बाय ७६८ वरच अडकली. खरी स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची. म्हणजे अक्षरं आडवी ताणलेली, आणि भरतीचा फॉर्म भरताना डोळ्यांना त्रास. सेटिंगमध्ये दुसरा पर्यायच दिसत नाही. फॉर्मची तारीख जवळ आलीय आणि घरात हा एकच लॅपटॉप.

उत्तर देतो, पण आधी थोडं मागे जाऊ. कारण दोष कुठे आहे ते इतिहासातच सापडतं.

लिनक्स आलं १९९१ ला. पण त्यावर चित्र दाखवणारी ‘एक्स’ ही यंत्रणा त्याहून जुनी. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत बॉब शाईफ्लर आणि जिम गेटिस यांनी ती सुरू केली. नव्वदच्या दशकात लिनक्सवर स्क्रीन लावणं म्हणजे एका फाईलमध्ये ‘मोडलाईन’ नावाची आकड्यांची ओळ हातानं लिहायची. आकडे चुकले तर डबा मॉनिटर बिघडू शकतो, अशी ताकीद सूचनांमध्येच असायची! १९९४ ला ‘ईडीआयडी’ हे मानक आलं आणि मॉनिटर स्वतःच आपली मापं सांगू लागला. पुढे गेटिस आणि कीथ पॅकार्ड यांनी ‘रँडआर’ आणलं. त्यामुळे यंत्रणा बंद न करता स्क्रीनचं माप बदलता येऊ लागलं, ती फिरवताही येऊ लागली.

आता महाराष्ट्रात या. २००७. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळचं खैराट. तिथल्या छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. आत लिनक्स. साडेसात इंचाची स्क्रीन, आणि रेझोल्यूशन किती? १२०० बाय ९००! त्या काळातल्या कितीतरी महागड्या लॅपटॉपवर इतकी बारीक स्क्रीन नव्हती. मेरी लू जेप्सन यांनी ती बनवली होती. मागचा दिवा बंद करून उन्हात बसलं की काळं-पांढरं चित्र पूर्ण बारकाव्यानं दिसायचं. रंगीत चित्र मात्र त्यापेक्षा जाडसर. मला ही तडजोड फार आवडते. स्क्रीनच्या कडेला एक बटण होतं, दाबलं की चित्र फिरायचं. आणि या प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख कोण? तेच जिम गेटिस.

बरं, मग आपल्या मैत्रिणीचं काय?

२००९ ला स्क्रीनचं माप ठरवायचं काम एक्सकडून थेट कर्नलकडे गेलं. पण ग्राफिक्स कार्डाशी जुळलं नाही तर काळी स्क्रीन येते, म्हणून इन्स्टॉल करताना ‘सेफ ग्राफिक्स’ असा पर्याय मिळतो. तो ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडतो, म्हणजे कर्नलला सांगतो, तू स्क्रीनला हात लावू नकोस. इन्स्टॉल संपलं तरी हा शब्द कधीकधी तसाच राहतो. मी विचारलं, तिनं तोच पर्याय निवडला होता.

आधी नुसतं तपासून बघायचं. लॅपटॉप सुरू होताना ग्रबची यादी आणा, ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीतून नोमोडसेट खोडा आणि एफ-टेन दाबा. हा बदल एकाच वेळेपुरता असतो. काळी स्क्रीन आलीच तर पुन्हा सुरू करा, सगळं पहिल्यासारखं. चित्र नीट आलं, तर ग्रबच्या सेटिंग फाईलमधूनही तो शब्द काढायचा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं.

एक गंमत राहिली. १३६६ ला आठनं भाग जात नाही. म्हणून ‘सीव्हीटी’ या कमांडला १३६६ ची मोडलाईन मागितली तर ती १३६८ ची देते! त्या वाटेला जाऊच नका.

रात्री तिचा स्क्रीनशॉट आला. १३६६ बाय ७६८. फॉर्मचं पहिलं पान भरून झालं होतं.