बछडे, मांजर आणि दुधाची वाटी

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत ऊसतोडणीच्या हंगामात फडात बिबट्याचे बछडे आढळणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मादी बहुधा जवळपासच असते. पण बछडे अनाथ समजून त्यांना गाईचे दूध पाजले जाते आणि घात तेथेच होतो. मांजरकुळातील मातेच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश गाईच्या दुधाहून बरेच अधिक असतात. हा अचानक बदल कोवळ्या आतड्यांना पेलत नाही. हगवण लागते, शरीरातील पाणी घटते, अशक्त पिल्लू दगावूही शकते. म्हणून काहीही न पाजता वन विभागाला कळवावे. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातील पशुवैद्य तपासणी करतात. अंधार पडताना बछडे त्याच जागी ठेवले जातात आणि अनेकदा मादी त्यांना उचलून नेते.

घरच्या मांजराचे पोटही असेच नाजूक. त्याला दूध हवेच, ही जुनी समजूत. प्रत्यक्षात अनेक प्रौढ मांजरांना ते पचत नाही. नवे खाद्य जुन्यात थोडे थोडे मिसळून ७ ते १० दिवसांत बदल पूर्ण करावा. पातळ शौच झाल्यास नव्याचे प्रमाण घटवावे. २४ तास मांजराने अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्यांकडे न्यावे.