हात धुण्यावरून झालेला कलह

बाळंतिणीला हात लावण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत, हे आज आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु एवढ्याशा गोष्टीवरून युरोपातील एका नामांकित रुग्णालयात मोठा कलह माजला होता, आणि तिकडे आया दगावत होत्या.

ही हकीकत व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील. तेथे प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरामागे अकराहून अधिक बाळंतिणी मेल्या. सुइणींच्या विभागात तिघीसुद्धा नाहीत. बायकांना हे ठाऊक होते. ‘पहिल्या विभागात घालू नका’ म्हणून त्या हात जोडून विनवीत. पण गोरगरीब बायकांचे कोण ऐकतो! विद्वानांनी हवेला दोष दिला. जणू एकाच आवारातली हवा विभाग पाहून वाहत होती.

तेथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण हंगेरियन डॉक्टर साहाय्यक होता. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का वारले. प्रेत तपासताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांना लागली होती. त्यांच्या मरणाचा अहवाल वाचून सेमेलवाइस चमकला. ही तर बाळंतज्वराचीच लक्षणे! विद्यार्थी रोज प्रेते चिरून तसेच बाळंतिणींकडे येत. सुइणी प्रेतांना शिवत नसत. मे महिन्यात त्याने दाराशी ब्लीचिंग पावडरचे पाणी ठेवले आणि हात धुतल्याशिवाय आत येण्यास मनाई केली. एप्रिलात शंभरामागे अठरा मृत्यू होते; जूनमध्ये ते दोनांवर आले. १८४८ साली दोन्ही विभाग जवळजवळ सारखे झाले.

आता सर्वांनी त्याला डोक्यावर घ्यायला हवे होते. तसे घडले नाही. त्या पाण्याने हात चरचरत, हे झाले वरवरचे कारण. खरा सल आत होता. त्याचे म्हणणे मान्य करायचे, तर ‘आजवर माझ्याच हातांनी बाळंतिणी मेल्या’ हेही मान्य करावे लागे. असे कबूल करायला केवढे काळीज हवे! विभागप्रमुख क्लाइन तर पहिल्यापासून विरुद्ध. १८४९ मध्ये त्याची मुदत वाढवून मिळाली नाही.

पण सारा दोष इतरांच्या माथी मारणे मला पटत नाही. मित्र त्याच्या वतीने लिहीत होते, बोलत होते. त्याने स्वतः मात्र कित्येक वर्षे लेखणी उचलली नाही. १८५० साली एकदा व्हिएन्नाच्या डॉक्टरांपुढे त्याने आपले म्हणणे मांडले, आणि त्याच वर्षी स्नेह्यांचा निरोपही न घेता तो पेस्टला निघून गेला. जे बाजूने उभे होते तेच त्यामुळे दुखावले. पेस्टच्या रुग्णालयात सहा वर्षांत ९३३ प्रसूतींत या ज्वराने फक्त आठ मृत्यू झाले. पुस्तक निघाले ते १८६१ मध्ये. त्यानंतर त्याने उघड पत्रे लिहून न पटणाऱ्या प्राध्यापकांना सरळ खुनी म्हटले. त्याचा संताप मला कळतो. परंतु खुनी म्हटलेला मनुष्य हात धुवायला पुढे कसा येणार?

१८६५ मध्ये त्याचे चित्त बिघडले. व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून, रक्त दूषित होऊन, सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. दोनच वर्षांनी लिस्टरने जंतूंचे कारण दाखवून जखमा कार्बॉलिकने धुण्याची रीत जगापुढे मांडली.