रिद्धपूर : मराठी गद्याचे जन्मस्थान

१/
अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे आकाराने लहानसे गाव. यादवकाळात त्याचे नाव ऋद्धिपूर. राजधानी होती दूर देवगिरीला; येथे ना राजवाडा, ना टांकसाळ. तरीही मराठी गद्याचा इतिहास या गावापासून सुरू होतो.

२/
त्याचे कारण गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ. काटसुरे येथे जन्मलेले हे अवलिया पुरुष रिद्धपुरात वाढले आणि तेथेच राहिले. कधी मुलांत खेळावे, कधी अस्पृश्यांच्या घरी जावे, असे त्यांचे वर्तन. विधिनिषेध त्यांना बांधू शकले नाहीत. गावाने मात्र त्यांना मायबाप मानले.

३/
गुजरातेतील भडोचहून रामटेकच्या यात्रेस निघालेले हरपाळदेव वाटेत रिद्धपुरास आले. गोविंदप्रभूंकडून त्यांना ज्ञान लाभले, अशी महानुभावांची श्रद्धा आहे. हेच पुढे पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी.

४/
चक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि अन्य शिष्य गोविंदप्रभूंच्या सेवेसाठी रिद्धपुरी एकत्र आले. गुरूंच्या वियोगातून एक निकड उभी राहिली : ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच नाहीशा झाल्या तर?

५/
म्हाइंभटांनी ते काम अंगावर घेतले. प्रत्यक्ष साक्षीदारांना भेटून त्यांनी एकेक लीळा मिळवली. आठवणींत फरक आढळला, तर तोही नोंदवला. इ. स. १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. भाषा संस्कृत नव्हे, लोकांची मराठी. शास्त्रापासून दूर ठेवलेल्या स्त्रियांनाही धर्म कळावा, हा नागदेवाचार्यांचा आग्रह होता.

६/
याच गावी गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा मांडला गेला, तेव्हा महदाइसेने ‘धवळे’ रचले. ती मराठीतील आद्य कवयित्री मानली जाते. इ. स. १२८७च्या सुमारास गोविंदप्रभू निवर्तले. त्यांचेही चरित्र लिहिले गेले आणि त्यातून तेराव्या शतकातील वऱ्हाडी गावाचे दैनंदिन जीवन आजही दिसते.

७/
पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत गेली, असे परंपरा सांगते. शिष्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. म्हणून त्याचे पाठ अनेक. पोथ्या सांकेतिक सकळ लिपीत उतरल्या. लिपीने ग्रंथ जपला, पण मराठी समाजाच्या दृष्टीआडही केला. विसाव्या शतकात वि. का. राजवाडे यांनी लिपीची उकल केली, आणि पुढे वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांनी हे वाङ्मय संपादून सर्वांपुढे आणले.

८/
२०२३च्या राज्य अर्थसंकल्पात रिद्धपुरी मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा झाली. २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या गावाने विद्वानांच्या भाषेऐवजी घरातली भाषा निवडली, तेथे विद्यापीठ येणे उचितच. त्याची कसोटीही तीच, सातशे वर्षांपूर्वीची : येथील ज्ञान सामान्य माणसाला त्याच्या बोलीत मिळते की नाही?